राजीनामा दिलाय, पण पत्र शेवटपर्यंत वाचा

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा ‘बरं’ म्हणून फोन आईकडे देणार आणि आई दोन दिवस काहीच बोलणार नाही. म्हणून लिहिते आहे. नोकरीचा राजीनामा दिला. मंजूरही झाला. या महिनाअखेरीला मोकळी होईन. बाबा, लगेच चष्मा काढून ठेवू नका, पुढचं वाचा.

तुम्हाला दर महिन्याला पाठवते त्यात एका पैशाचाही फरक पडणार नाही. पुढच्या दीड वर्षाची ती रक्कम वेगळ्या खात्यात टाकून ठेवली आहे आणि काहीही झालं तरी तिला हात लावायचा नाही असं स्वतःला बजावलंय. आईच्या गोळ्या नेहमीच्या तारखेला घरी येतील. बाबांच्या कानाच्या मशीनचं जे ठरलंय तेही तसंच. माझा आरोग्य विमा ऑफिसच्या भरवशावर नव्हता, तो मी आधीच स्वतःचा काढलेला आहे. वेळेवर झोपते, वेळेवर जेवते. आणि आई, पाठीला नीट आधार देणारी खुर्ची घेतली आहे, कारण तुझा पहिला प्रश्न तोच असणार.

आता काय करणार ते. सिनेमात, मालिकेत पडद्याच्या खाली बोलणं लिहून येतं ना, ते सबटायटलचं काम मी शिकले आहे. ऑफिसहून आल्यावर रात्री शिकायचे, म्हणून नऊनंतर फोन उचलत नव्हते. ‘कुणी आहे का तिच्या आयुष्यात’ असं आईनं मावशीला विचारलं, हे मला कळलंय. कुणी नाही. हेडफोन होता.

आधी सांगितलं नाही, कारण तुम्ही काळजीपोटी नको म्हणाला असता आणि तुमचं नको मला मोडता आलं नसतं. हिशेबाचं काम मला नकोसं झालं होतं असंही नाही. हात बसला होता, माणसं चांगली होती. पण मागे घरी आले तेव्हा बातम्या चालू होत्या, बाबांनी आवाज इतका वाढवला होता की आई उठून आतलं दार लावून बसली. मग रात्री सिनेमा लावताना मी सबटायटल सुरू करून दिली. बाबा एकदाही ‘काय म्हणाला?’ न विचारता शेवटपर्यंत बसले. तेव्हापासून ते डोक्यातून जात नव्हतं.

बाबा, तुम्ही म्हणाल, एवढा मोठा निर्णय कुणाला विचारून घेतलास? तुमच्याच पद्धतीनं घेतला. शिलाई मशीनच्या वेळी तुम्ही विकणाऱ्याशी एक शब्द बोलला नव्हता. ज्यांच्या घरी ते मशीन वर्षभर चालतंय त्यांच्याकडे आईला पाठवलंत आणि प्रश्नही कागदावर लिहून दिलेत. दोरा तुटतो का, बिघडलं तर दुरुस्तीला कोण येतं, पुन्हा घ्यायचं झालं तर हेच घ्याल का. मी त्याच चालीनं गेले. शिकवणाऱ्यांना विचारलं नाही, त्यांचं पोट त्यावर आहे. या कामात मुरलेल्यांनाही नाही, कारण पहिले सहा महिने कसे जातात ते त्यांना आता आठवत नाही. एक-दोन वर्षांपूर्वी तोच कोर्स संपवलेल्या, माझ्यापुढे एकच इयत्ता असलेल्या लोकांना गाठलं. ‘कोर्स कसा आहे’ असं विचारलं की सगळेच छान म्हणतात. म्हणून विचारलं की पैशाचं पहिलं काम कुठून आलं, पैसे हातात पडायला किती दिवस लागले, आणि तुमच्याबरोबर सुरू केलेल्यांतलं कोण सोडून गेलं आणि का. हा शेवटचा प्रश्न विचारला की माणसं खरं बोलायला लागतात.

एकीनं तर स्पष्टच सांगितलं, येऊ नकोस, हे आता यंत्र करतं. तिचं म्हणणं खोटं नाही. बोललेलं ऐकून लिहून देणारं व्हिस्पर नावाचं सॉफ्टवेअर २०२२ मध्ये सगळ्यांना फुकट खुलं झालं आणि तशी आणखीही बरीच आहेत. यंत्रानं केलेला कच्चा मजकूर दुरुस्त करायची कामं वाढली आहेत आणि त्यांना मोबदला कमी मिळतो. बाबा हाच मुद्दा काढणार, म्हणून मीच आधी लिहिते: धोका खरा आहे. त्यासाठीच दीड वर्षाची मुदत ठेवली आहे. ते दुरुस्तीचं कामही मी शिकून घेतलं. दोघं एकदम बोलायला लागले, कुणी तोंडातल्या तोंडात पुटपुटलं, मध्येच एखादं अनोळखी नाव आलं की यंत्र अजून गडबडतं आणि चुकीचा शब्द अगदी ठामपणे लिहून मोकळं होतं. मुदत संपेपर्यंत जम बसला नाही तर हिशेब मी विसरलेली नाही. परत जाईन.

पण काम कसं असतं ते तर सांगू दे. एका वेळी पडद्यावर दोनच ओळी. इंग्रजीला एका ओळीत ४२ अक्षरं हे रूढ माप, आणि फार तर सात सेकंद ती पडद्यावर राहायची. माणूस बोलतो भरभर, वाचणाऱ्याचा डोळा तेवढा पळत नाही. ‘मी तुला किती वेळा सांगितलं होतं की त्या माणसाच्या नादाला लागू नकोस’ हे नट तीन सेकंदांत म्हणून जातो. मी लिहिते, ‘सांगितलं होतं ना, त्याच्या नादी लागू नकोस.’ राग राहिला पाहिजे, शब्द गेले तरी चालतील. शिवाय ओळ कुठे तोडायची यालाही नियम आहे. विशेषण वर आणि नाम खाली असं करायचं नाही. हा धडा आला तेव्हा मला एकटीलाच हसू आलं. आई, तू पेपर हातात घेऊन मला शुद्धलेखन घालायचीस तेव्हा ‘लाल’ म्हणून कधी थांबली नाहीस, ‘लाल फाटक’ म्हणूनच थांबायचीस. मी पाटीवर मान घालून तुझ्या पुढच्या श्वासाची वाट बघायचे. तू तोडायचीस तिथेच मी आज ओळ तोडते. त्या कोर्सला मी फी भरली आणि तुला कधी एक पेन्सिलसुद्धा आणून दिली नाही.

आणि एक गंमत. सबटायटलच्या एसआरटी नावाच्या फाइलमध्ये सेकंद आणि त्यापुढचे हजारांश यांच्यामध्ये स्वल्पविराम लागतो, वेबव्हीटीटी नावाच्या दुसऱ्या प्रकारात तिथेच टिंब. उलटसुलट झालं की काही ठिकाणी ओळ दिसतच नाही, आणि का दिसत नाही ते कुणी सांगत नाही. हे मला त्याच ‘येऊ नकोस’ म्हणणाऱ्या बाईनं सांगितलं. आता दर आठवड्याला आम्ही एकमेकींच्या फाइली तपासतो.

मध्येच सोडशील, असंही मनात येईल. माझं चित्रकलेचं सामान माळ्यावर आहे हे मलाही माहीत आहे. ऑनलाइन शिकताना गळणारेच जास्त असतात. २०११ मध्ये स्टॅनफर्डनं कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक वर्ग इंटरनेटवर फुकट ठेवला, सुमारे १,६०,००० जणांनी नावं घातली आणि पूर्ण करणारे निघाले वीस-बावीस हजार. एकट्यानं खोलीत बसून शिकायचं म्हणजे कुणी हजेरी घेत नाही. म्हणून तर ही आठवड्याची तपासणी लावून घेतली. तिला फाइल द्यायची आहे म्हणून मी बसते. कोर्स पूर्ण झालाय, बाबा. पाहिजे तर प्रमाणपत्र पाठवते, तुमच्या त्या निळ्या फायलीत लावा.

आता पैशाचं आणि विश्वासाचं. कामं देणाऱ्या वेबसाइटवर जायच्या आधीही मी हेच केलं, तिथून पैसे मिळालेल्यांना विचारलं. त्यांचं ठरलेलं उत्तर असं की काम देण्याआधी जो नोंदणीचे पैसे मागतो तो काम देणारा नव्हेच. नमुना म्हणून दोन मिनिटांचा तुकडा करून द्यावा, अख्खा भाग फुकट मागितला तर नमस्कार करून निघावं. गिऱ्हाइकानं रक्कम आधी साइटकडे जमा केलेली दिसल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि ‘आपण बाहेर परस्पर व्यवहार करू’ म्हणणाऱ्याबरोबर जायचं नाही. बाहेर गेलं की भांडायलाही जागा राहत नाही.

अभिप्राय वाचायचे तर पाच ताऱ्यांचे आणि एका ताऱ्याचे सोडून तीन ताऱ्यांचे वाचावेत, तिथे माणूस खरं काय ते सांगतो. आणि बाबा, तुमचा तो नियम आता थोडा बदलायला हवा. पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की साइट खात्रीची, असं तुम्ही सगळ्यांना सांगता. तुम्ही शिकलात तेव्हा सगळे तेच सांगत. पण त्या कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही. समोरचा साव की चोर हे कुलूप सांगत नाही. ते कुलूप दिसायला साइटला जे प्रमाणपत्र लागतं ते चोरालाही फुकट मिळतं. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमनं २०२३ मध्ये ते कुलूपच काढून टाकलं. तेव्हा पत्ता अक्षर अक्षर वाचा, आणि मेसेजमधल्या लिंकवरून न जाता स्वतः टाइप करून जा.

तुम्हाला एवढं शिकवते म्हणून रागावू नका. तुम्ही दोघं माझ्यापेक्षा सावध आहात. मागे त्या नफ्याच्या ग्रुपमध्ये कुणीतरी तुम्हाला घातलं तेव्हा तुम्ही आपणहून बाहेर पडलात. तसल्या ग्रुपमध्ये ‘मला एवढे मिळाले’ म्हणणारे पन्नास जण एकाच टोळीचे असू शकतात. फिरायला जाणाऱ्या मंडळींना जरूर विचारत जा, पण ‘मी ऐकलंय’ म्हणणाऱ्याला सोडून ‘मी केलंय’ म्हणणाऱ्याला विचारा. आणि पैसे टाकले कसे हे विचारून भागत नाही, परत काढले का ते विचारा. पैसे आत घ्यायला सगळेच तयार असतात.

बाकी काही गोष्टी ऐकायच्याच, चर्चा नाही. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. बँकेला नाही, पोलीस म्हणवणाऱ्याला नाही, मलाही नाही. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधायचा नाही, कार्डाच्या मागे छापलेला असतो तो लावायचा. मोबाइलची स्क्रीन दुसऱ्याला दिसू देणारं कुठलंही ॲप कुणी सांगितलं म्हणून घ्यायचं नाही. आणि फोनवरचा माणूस घाई करायला लागला की फोन ठेवायचा. बाबा, तुम्हाला समोरच्याचं बोलणं तोडायला जड जातं, राँग नंबरवाल्याचीही तुम्ही चौकशी करता. इथे मात्र उद्धट व्हा. हल्ली आवाजाची नक्कलसुद्धा होते, थोडंसं रेकॉर्डिंग मिळालं की पुरतं. उद्या माझ्या आवाजात कुणी रडत पैसे मागितले तर फोन ठेवून माझ्या नंबरवर तुम्ही स्वतः लावायचा. आपण घरातला एक शब्द ठरवून ठेवू, तो सांगता आला तरच ती मी.

आई, तुझं वेगळंच. तू मोबाइलला हातच लावत नाहीस, म्हणजे फसणार नाहीस हे खरं, पण मला ते बरं वाटत नाही. टेक्सास विद्यापीठातल्या डेनिस पार्क यांनी ६० ते ९० वयाच्या माणसांना तीन महिने, आठवड्याला १५ तासांच्या आसपास, नवी गोष्ट शिकायला लावली. कुणाला डिजिटल फोटोग्राफी, कुणाला गोधडी शिवणं, कुणाला दोन्ही. २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. नवं शिकणाऱ्यांची घडलेल्या गोष्टी लक्षात ठेवण्याची ताकद सुधारली, नुसत्या गप्पा-सहलींच्या गटात तेवढा फरक दिसला नाही. फोटोग्राफीवाल्यांना जास्त फायदा झाला. गोधडी तुला झोपेतही येते, तेव्हा ती तुझ्या कामाची नाही. तू मोबाइलचा कॅमेरा घे आणि सुई बाबांच्या हातात दे. माझ्याकडून शिकू नकोस, मी चिडते. खालच्या मजल्यावरच्या काकू गेल्या वर्षी शिकल्या, त्यांच्याकडे जा. त्या नुकत्याच शिकल्यात, त्यांना तुझी अडचण कळेल.

गुडघ्याचा पट्टा लावतेस ना? बाबांना रात्री स्टुलावर चढू देऊ नकोस, बल्ब गेला तर जाऊ दे, मी आल्यावर लावीन. पुढच्या महिन्यात येते. नोकरी नाही म्हणजे रजा मागायची नाही, थोडी जास्त राहीन. लॅपटॉप बरोबर असेल, दुपारी काम करीन, तेव्हा ‘जरा इकडे ये’ म्हणून हाका मारायच्या नाहीत. मारल्यात तर येईनच म्हणा.

रागावला असाल तर रागवा, पण फोन उचला.

तुमची,
मनू

ता. क. तो शब्द ठरवाल तेव्हा उत्तराच्या पत्रात लिहू नका, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नाही. मी आले की कानात सांगा. बाबांना आईनं सांगावा, आणि खिडक्या लावून, कारण त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितला तर तो अख्ख्या बिल्डिंगला कळेल.