मागच्या हबची वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : माउंटन बाइकच्या मागच्या हबमधील दोष व नाकारलेली वॉरंटी

महोदय / महोदया,

चढावर उभं राहून पॅडल मारताना तुमचा मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, सटकतो. 'खाड्' असा आवाज होतो, पॅडल पायाखालून निसटल्यासारखं एकदम खाली जातं आणि गुडघा हँडलबारवर आपटतो. या तक्रारीसह चाक तुमच्याकडे पाठवलं, तर ते 'तपासणीत दोष आढळला नाही' एवढ्या एका ओळीसह परत आलं. तपासणी कशी केली असं विचारल्यावर कळलं, की चाक स्टँडवर लावून हाताने फिरवून पाहिलं. हाताने फिरवलं तर ते छानच फिरणार! हा दोष भार पडल्यावर दिसतो, आणि भार तुम्ही दिलाच नाही.

मी दिला. आधी चेन गेजने मोजली, झीज ०.५ टक्क्यापर्यंतही पोहोचलेली नव्हती. गिअर बदलणाऱ्या डिरेलरचा हँगर सरळ, कॅसेटचे (मागच्या दातेरी चकत्यांच्या संचाचे) दात शाबूत. मग मागचा ब्रेक घट्ट दाबून धरला आणि पॅडलवर हळूहळू वजन टाकलं. चेन दातांवरून उडाली नाही. तिच्यासोबत अख्खी कॅसेट पुढे सरकली आणि चाक मात्र जागचं हललं नाही. फ्रीहब, म्हणजे हबचा कॅसेट पेलणारा आणि एकाच दिशेने पकडणारा भाग, पकड सोडतोय, याला आणखी काय पुरावा हवा? या परीक्षेला कुठलंही खास अवजार लागत नाही, तुमच्या तंत्रज्ञांनाही ती करता आली असती.

यानंतरच मी फ्रीहब उघडला. आत पॉलच्या (दातांत अडकून चाकाला जोर देणाऱ्या, स्प्रिंगवरच्या छोट्या खिट्ट्यांच्या) खाचांमध्ये घट्ट, चिकट ग्रीस ठासून भरलेलं होतं. पॉलना पातळ ग्रीसचा हलका हात पुरतो. जाड ग्रीसमध्ये बारीक स्प्रिंगचा जोर तोकडा पडतो आणि पॉल वेळेवर बाहेर येत नाही, थंडीत तर मुळीच नाही. तुमच्या रचनेत चारही पॉल एकाच वेळी दातांत बसायला हवेत. माझ्या हबमध्ये एक खाचेतच चिकटून बसला होता. त्याची कड कोरी करकरीत, आणि त्याच्या वाट्याचा भार पेललेल्या इतर तिघांच्या कडा गोल होऊन आरशासारख्या चमकत होत्या. पॉल ज्यात अडकतात त्या रॅचेट रिंगचे दातही तसेच घासलेले. सगळं धुऊन पातळ ग्रीस लावल्यावर सटकणं कमी झालं, थांबलं नाही. गोल झालेली कड गोल झालेल्या दातावर किती टिकणार?

रिम धरून हलवल्यावर चाक बाजूला लचकत होतं, तेही सांगतो. फ्रेमच्या सांध्यांत ढिलाई नव्हती. कॅसेटच्या बाजूचं बेअरिंग गेलेलं होतं. ते काढून आतली रिंग बोटाने फिरवली, तर सारख्या अंतरावर टक-टक अडत होती. पाण्याने गंजलेलं बेअरिंग असं अडत नाही, ते सगळीकडे खरखरतं. सील उचलून पाहिलं, आतलं ग्रीस स्वच्छ होतं. सारख्या अंतरावरचे हे खड्डे छर्‍यांचे आहेत. बेअरिंग बसवताना बाहेरच्या रिंगवर दाब द्यायचा सोडून आतल्या रिंगवर दिला, की ते उमटतात. त्याच मापाचं नवं बेअरिंग नीट बसवल्यावर चाकाचं लचकणं गेलं.

हे सगळं फोटोंसह कळवल्यावर तुमचं उत्तर आलं : 'पाणी शिरल्यामुळे नुकसान, शिवाय ग्राहकाने हब उघडल्याने वॉरंटी रद्द.' पाण्याचं काय ते वर लिहिलं आहे. राहिलं हब उघडण्याचं. फ्रीहब ठरावीक काळाने काढून, पुसून, ग्रीस लावावा, असं तुमच्याच माहितीपुस्तिकेत चित्रांसह दिलं आहे. म्हणजे उघडला नाही तर देखभाल केली नाही, आणि उघडला तर छेडछाड केली. ग्राहकाने करावं तरी काय?

माझी मागणी साधी आहे. फ्रीहब, पॉल-स्प्रिंगचा संच आणि रॅचेट रिंग, तिन्ही एकत्र बदलून द्या. नुसते पॉल पाठवू नका. झिजलेल्या रिंगवर नवे पॉलही तसेच झिजतील. रिंग वेगळी मिळत नसेल, तर पूर्ण हब द्या आणि त्यावर चाकाचे आरे नव्याने विणण्याचा खर्चही उचला. नकार द्यायचा असेल, तर वरच्या प्रत्येक निरीक्षणावर तंत्रज्ञाचं लेखी उत्तर पाठवा, 'दोष आढळला नाही' हे उत्तर धरलं जाणार नाही. लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक तक्रार निवारणाचा मार्ग मला खुला आहे.

जुनं बेअरिंग आणि झिजलेले पॉल पुडीत बांधून ठेवले आहेत. मागितल्यास पाठवीन, मात्र आधी पोच द्यावी आणि तपासणीनंतर ते परत करावेत.

आपला,
(सही)
ग्राहक

सोबत : खरेदीच्या बिलाची प्रत, पॉल व रॅचेट रिंगचे जवळून घेतलेले फोटो, ब्रेक दाबून केलेल्या चाचणीचा व्हिडिओ