नवशिक्यांसाठी म्हणून विकलेल्या व्हेप किटबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन विक्री विभाग

विषय: बंदी असलेलं आणि धोकादायक व्हेप (ई-सिगारेट) किट विकल्याबाबत

महोदय/महोदया,

माझ्या खात्यावरून माझ्या भाच्याने तुमच्या ॲपवर एक 'स्टार्टर किट' मागवलं. पानावर लिहिलं होतं: निकोटिन-फ्री, हर्बल, नवशिक्यांसाठी, सेटिंगची कटकट नाही. त्याला सिगारेट सोडायची होती. दोन-चार झुरक्यांतच त्याला गरगरायला लागलं, मळमळलं, घशात जळकट चव बसली. तुमच्या चॅटवर विचारलं तर उत्तर आलं, 'वॉट कमी करा आणि कॉइल नीट भिजू द्या.' (कॉइल म्हणजे द्रव तापवून वाफ करणारी तार.)

वॉट कमी करायचे कुठून? त्या यंत्रात तशी सोयच नाही. माझं लॅमिंग्टन रोडवर मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे मी ते उघडून पाहिलं. आत सर्किटचा पत्ता नाही. धातूची नळी, एक १८६५० सेल (चार्ज होणारा लिथियम सेल), खाली बटण, वर कॉइल, बस्स. बटण दाबलं की सेलचा करंट थेट कॉइलमध्ये. कॉइलचा रेझिस्टन्स ०.२ ओहम भरला. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्टचा, म्हणजे हिशेबाने २१ अँपिअर आणि सुमारे ८८ वॉट. सेलवर ना कंपनीचं नाव, ना किती अँपिअर झेपतात त्याचा आकडा. प्लस टोकापाशी वेष्टन फाटलंय. या सेलचं वेष्टनाखालचं अख्खं कवच मायनस असतं, त्यामुळे नेमका तिथेच शॉर्ट होण्याचा धोका. सेल तापून वायू सुटला तर बाहेर पडायला नळीला भोक नाही. बटणाला लॉक नाही. संध्याकाळच्या विरार लोकलच्या गर्दीत पँटच्या खिशात हे बटण दाबलं गेलं असतं तर? जाणकार लोकही असलं यंत्र सेल आणि कॉइल तपासल्याशिवाय हातात घेत नाहीत, आणि तुम्ही ते नवख्या पोराला 'सोपं' म्हणून दिलंत.

सोबतच्या द्रवाच्या बाटलीवर बारीक अक्षरांत ५० मिग्रॅ प्रति मिली निकोटिन छापलंय. इतकं तीव्र द्रव कमी वॉटच्या छोट्या यंत्रासाठी (पॉडसाठी) असतं. मोठी वाफ काढणाऱ्या कॉइलवर ३ किंवा ६ मिग्रॅचं वापरतात. पोराला चक्कर का आली, ते यावरून कळतं. बाटलीचं झाकण लहान मूलही सहज उघडेल असं आहे.

मुळात हे विकायला परवानगीच नाही. २०१९ च्या ई-सिगारेट प्रतिबंध कायद्याने उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे. व्याख्येत निकोटिन असलेली आणि नसलेली, दोन्ही यंत्रं येतात, त्यामुळे 'हर्बल' लिहून सुटका होत नाही. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

त्यावर तुमचं उत्तर काय, तर 'पॅकिंग उघडलंय, रिफंड मिळणार नाही. हवं तर कुरिअरने परत पाठवा.' बंदी असलेला माल आणि फाटक्या वेष्टनाचा लिथियम सेल मी कुरिअरच्या पोराच्या पाठीवर लादणार नाही. सेलच्या दोन्ही टोकांना टेप लावून तो वेगळा ठेवलाय. सगळं सामान मी पोलिसांकडे देणार आहे.

पूर्ण रक्कम परत करा. ते पान आणि त्या विक्रेत्याची तशी सगळी पानं आजच काढा. ज्यांनी ज्यांनी हे किट घेतलं, त्या प्रत्येकाला सेल काढून ठेवायला आणि बाटली मुलांपासून लांब ठेवायला कळवा. हे सगळ्यात आधी करा. विक्रेत्याचं नाव-पत्ता मला लेखी द्या.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण तुम्हाला बंधनकारक आहे. पोच आली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन.

आपला,
एक ग्राहक
गिरगाव, मुंबई

सोबत: बिल, पानाचे स्क्रीनशॉट, चॅटची प्रत, सेल आणि बाटलीचे फोटो