वळूचा नुसता फोटो आणि वजन छापून काय कळणार?

संपादक साहेब,

मांसासाठी पाळायच्या जनावरांवरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला, गोठ्याचा भाग छान झालाय, पण वळू निवडायचं म्हटल्यावर फोटो आणि वजन एवढंच दिलंय, ते काही पटलं नाही. अहो वळू धिप्पाड दिसतो त्यात खुराकाचा, आईच्या दुधाचा वाटा मोठा असतो, आणि खुराक काय वासरात उतरत नाही. दूध तोडतानाच्या वजनातला जेमतेम पाव फरक रक्ताचा, बाकी सगळी सांभाळणुकीची करामत.

वासरांची वजनं पण लोक सरळ काट्यावर टाकून मोकळे होतात. एक वासरू 180 दिवसांचं, जन्मताना 35 किलो, आता 215. दुसरं 230 दिवसांचं, जन्मताना 36, आता 243. काट्यावर दुसरं भारी ना? पण रोजची वाढ काढून दोघांना 205 दिवसांच्या एकाच ठरावीक वयावर आणलं की पहिलं 240 होतं आणि दुसरं 220 च्या आसपास अडकतं. यात परत आईच्या वयाचा हिशोब धरायचा, कारण पहिलारू गाईचं वासरू जरा हलकंच असतं, आणि तुलना करायची ती एकाच कळपातली, एकाच हंगामातली, सारखा चारा खाल्लेली वासरं घेऊनच.

म्हणून बघायचा तो ईपीडी, म्हणजे त्या वळूची वासरं इतरांच्या मानाने सरासरी किती जास्त-कमी भरतील याचा नोंदींवरून काढलेला अंदाज. एका वळूचा दूध तोडतानाच्या वजनाचा ईपीडी 20 किलो आणि दुसऱ्याचा 8 असेल, तर गायी आणि सांभाळ सारखा असताना पहिल्याची वासरं सरासरी 12 किलोनी जास्त भरायला हवीत. सोबत अक्युरसी, म्हणजे तो अंदाज किती भरवशाचा ते बघा, तरण्या वळूची कमीच असते, वासरं मोजली गेली की वाढते, हल्ली डीएनए टेस्टनी पण थोडी सुधारते. आणि दोन वेगळ्या जातींचे आकडे सरळ शेजारी ठेवू नका, प्रत्येकीचा तुलनेचा पाया वेगळा असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे लेखात औषधालाही नाही: नुसत्या वाढीमागे लागलं की जन्मवजन पण वाढतं आणि पहिलारू कालवड विताना अडते. मेलेल्या वासराची वाढ कुठे मोजणार? शिवाय त्याच वळूच्या कालवडी कळपात ठेवल्या की त्या मोठ्या गायी होऊन जन्मभर जास्त चारा खाणार, तो खर्च कोणी धरत नाही.

पुढच्या वेळी वळूखाली जन्मवजन, दूध तोडतानाचं आणि वर्षाचं वजन, तिन्हीचे ईपीडी अक्युरसीसकट छापा, जागा कमी पडली तर फोटो बारीक करा.

एक नेहमीचा वाचक