इंजिन नको, वाघिणी टिपा

महोदय,

पेणहून थळच्या खत कारखान्याकडे किंवा डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे जाणारी मालगाडी दिसली की मोबाइल बाहेर निघतात, पण फोटो बहुतेक इंजिनाचेच. खरी गंमत मागे असते. प्रत्येक वाघिणीवर ११ आकडी क्रमांक असतो: पहिले दोन आकडे प्रकाराचे (४० ते ४९ टाकी, ५० ते ५९ सपाट), पुढचे दोन मालक रेल्वेचे, मग दोन बांधणीच्या वर्षाचे, चार अनुक्रमांकाचे आणि शेवटचा पडताळणीचा. पहिल्या दहांपैकी सम स्थानांवरच्या आकड्यांची बेरीज तिप्पट करा, त्यात विषम स्थानांवरच्यांची मिळवा. पुढच्या दहाच्या पटीला जितके कमी पडतात तो अकरावा आकडा. जुळलं नाही, तर बहुधा गंजलेला ३ तुम्ही ८ वाचलाय. कोकणच्या हवेत हे नेहमीचंच.

पोलादाची गुंडाळी नेणारी ‘बीएफएनएस’ रिकामी असताना लांबून साधी सपाट वाघीण वाटते. गुंडाळीच्या खोलगट बैठका दिसल्या की ओळख पटते. फोटो मात्र फाटकाबाहेरूनच काढावेत. रुळांत शिरणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे.

– एक वाचक, पेण