‘गणित शिकवायला येणार असाल तर कागद दाखवा’

ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहायचं नाही आणि शाळेचंही नाही, ही तुमची अट पाळते आहे. पत्र मात्र उघडंच लिहिते, कारण चीनमध्ये गणित शिकवायला लागल्यापासून मला ओळखीपाळखीतून जे निरोप येतात ते तुम्हाला मी केलेल्या पहिल्या ईमेलची नक्कल वाटावी असे असतात. चीनमध्ये इंग्रजी शिकवायला जायचंय, काय काय लागतं? प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा तुमचे आभार मानता मानता सगळं एकदाच सांगून टाकावं म्हटलं.

मी तुम्हाला केवढा मोठा ईमेल केला होता! एमएस्सी गणित, बीएड, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला शिकवण्याचा अनुभव, आणि सोबत एका एजंटचं माहितीपत्रक. ‘१२० तासांचा टेफल कोर्स करा, चीनमध्ये इंग्रजीचे शिक्षक व्हा’ असं त्यावर ठळक अक्षरांत होतं. टेफल म्हणजे इंग्रजी परभाषा म्हणून शिकवण्याचं प्रशिक्षण. पैसे भरण्याआधी एकदा तिथे शिकवणाऱ्या माणसाला विचार, असं माझ्या वहिनीच्या मावसबहिणीनं सुचवलं आणि तुमचा पत्ता दिला. भारतात वीचॅट या चिनी मेसेजिंग अ‍ॅपवर २०२० पासून बंदी, चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही, म्हणून आपला सगळा व्यवहार जुन्या पद्धतीनं ईमेलवर झाला. बरंच झालं. सगळं लेखी राहिलं.

तुमचं पहिलं उत्तर दोन ओळींचं होतं. ‘इंग्रजी शिकवायला येणार असाल तर येऊ नका. गणित शिकवायला येणार असाल तर कागद दाखवा.’

खरं सांगते, राग आला होता. दुसऱ्या दिवशी तुमचा सविस्तर ईमेल आला आणि मग कळलं. चीनमध्ये १ एप्रिल २०१७ पासून परदेशी कामगारांसाठी देशभर एकच परवाना पद्धत आहे आणि माणसं अ, ब, क अशा तीन वर्गांत बसवली जातात. शिक्षक बहुतेक ब वर्गात. भाषा शिकवणाऱ्यांसाठी नियम असा, की त्यानं सहसा आपल्या मायदेशाची मातृभाषाच शिकवावी, किमान पदवीधर असावं आणि भाषा शिकवण्याचा दोन वर्षांचा अनुभव असावा. पदवी शिक्षणशास्त्राची किंवा भाषेची असेल, किंवा हाताशी आपल्या देशाचं शिक्षक-पात्रतेचं अथवा मान्य आंतरराष्ट्रीय भाषाशिक्षणाचं प्रमाणपत्र असेल, तर अनुभवाची अट माफ. म्हणजे १२० तासांच्या त्या कोर्सला किंमत आहे, नाही असं नाही. पण तो फक्त अनुभवाच्या अटीतून सोडवतो. मातृभाषेच्या अटीतून सोडवत नाही. आणि ‘इंग्रजी मातृभाषा असलेला देश’ म्हणजे व्यवहारात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत त्यात नाही. माहितीपत्रकात यातलं अक्षरही नव्हतं.

त्या देशांपैकी एखाद्यात पदवी घेतली असेल तर काही ठिकाणी विचार होतो, पण प्रांताप्रांताची रीत निराळी, हेही तुम्ही सांगितलंत आणि त्यावर विसंबू नका असंही बजावलंत. माझी पदवी सोलापूरची. तो प्रश्न तिथेच मिटला.

या नियमाबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही. इतिहासाची पदवी घेतलेला, कधी वर्गात उभा न राहिलेला तेविसाव्या वर्षीचा मुलगा योग्य पासपोर्ट आणि टेफलच्या जोरावर इंग्रजीचा शिक्षक होतो, आणि आपल्याकडची वीस वर्षं इंग्रजी व्याकरण कोळून प्यायलेली बाई अर्जही करू शकत नाही. तुम्ही यावर वाद घातला नाहीत. ‘इथे तुमचं इंग्रजी कुणी तपासत नाही, पासपोर्ट तपासतात. त्याचा अपमान वाटून घेऊ नका आणि त्यावर पैसेही घालवू नका,’ एवढंच लिहिलंत.

एजंटकडे दुसरा मार्गही तयार होता. व्यवसायाच्या व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून घेऊ. तुमचा सगळ्यात कडक ईमेल यावरचा. जुलै २०१३ पासून लागू असलेल्या परदेशी नागरिकांच्या कायद्यात बेकायदा काम करणाऱ्याला पाच हजार ते वीस हजार युआन दंड आहे, प्रकरण गंभीर असेल तर पाच ते पंधरा दिवस कोठडी, आणि वर देशाबाहेर काढणं वेगळं. नोकरी देणाऱ्यालाही माणशी दहा हजार युआन दंड आहे, पण त्याचं दुकान चालूच राहतं. विमानात बसवलं जातं ते आपल्याला. मेडिकलला गेलेली आपल्याकडची मुलं विद्यार्थी व्हिसावर शनिवार-रविवार इंग्रजीच्या शिकवण्या घेतात, तीही याच कायद्यात येतात हे त्यांच्या पालकांना माहीत नसतं. शिवाय जुलै २०२१ मध्ये सरकारनं शाळकरी मुलांच्या शालेय विषयांच्या नफ्याच्या शिकवण्यांवर बंदी घातली, त्यात इंग्रजीही आलं. ज्या क्लासेसच्या भरवशावर हे एजंट स्वप्नं विकत होते, त्यांतले कितीतरी क्लास तेव्हाच बंद पडले. माहितीपत्रक त्यानंतरचं होतं, हे विशेष.

आता गणित. इंग्रजीतून गणित किंवा विज्ञान शिकवणारा माणूस भाषाशिक्षक धरला जात नाही, त्यामुळे मातृभाषेची अट त्याला लागत नाही. केंब्रिजचा आयजीसीएसई आणि ए लेव्हल किंवा आयबी हे आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम शिकवणाऱ्या शाळांना असे शिक्षक हवे असतात. लागतं काय, तर पदवी आणि पदवीनंतरचा त्याच विषयाचा किमान दोन वर्षांचा अनुभव. टेफलची माफी इथे चालत नाही. बीएड शाळांना हवंच असतं. पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी आणि वय साठच्या आत. ही पात्रता माझ्याकडे होती. वर्षानुवर्षं होती. मी तिच्याकडे पात्रता म्हणून पाहिलंच नव्हतं, कारण परदेशी शिकवायचं म्हणजे इंग्रजीच, असं आमच्याकडे सगळे धरून चालतात.

मग तुम्ही कागद मागितलेत, आणि तिथून पुढे तुमचे जे कष्ट झाले त्यांच्यासाठी हे पत्र.

अनुभवपत्र पहिलं. आमच्या मुख्याध्यापकांनी प्रेमानं लिहिलं होतं, ‘सदर शिक्षिका मनमिळाऊ असून त्यांचे काम समाधानकारक आहे.’ तुम्ही ते परत पाठवलंत. रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, पद, विषय, इयत्ता, सही करणाऱ्याचं नाव, दूरध्वनी, शाळेचा शिक्का, हे सगळं हवं. मनमिळाऊपणाला परवाना देणारं खातं नाही, हा तुमचा शेरा मी सरांना वाचून दाखवला. ते हसले आणि नवीन पत्र टाइप करून दिलं.

मग नाव. हे प्रकरण प्रत्येक मराठी बाईनं नीट वाचावं. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग माझं, मग वडिलांचं. पदवीवर त्यात आईचं नावही. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. आपल्याला त्यात एकच बाई दिसते, चिनी कार्यालयाला तीन दिसतात. तुम्ही तक्ताच करून पाठवलात: कुठल्या कागदावर कुठलं नाव, कोणत्या क्रमानं, स्पेलिंगमध्ये कुठे एक ‘ए’ जास्त. विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि तिन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, अशी फाइल तयार झाली. ती जोडायला सांगितली नसतीत तर अर्ज पहिल्याच टेबलावर अडला असता.

आणि लॅमिनेशन! वडिलांनी पदवी प्रमाणपत्र अभिमानानं लॅमिनेट करून ठेवलं होतं. प्लॅस्टिकवर साक्षांकनाचे शिक्के कसे बसणार? विद्यापीठाकडून दुय्यम प्रत काढावी लागली. मग ती राज्याच्या शिक्षण विभागाकडे, तिथून दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयात आणि शेवटी चिनी दूतावासाकडे. चीन ७ नोव्हेंबर २०२३ पासून अपॉस्टिल या कागद साक्षांकित करण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत आला म्हणून एका शिक्क्यात काम होईल असं मला कुणीतरी सांगितलं होतं. भारत आणि चीन यांच्यात ती सोय लागू नाही, दूतावासाची पायरी चुकवू नका, हे तुम्ही वेळेत सांगितलंत. सोलापुरात चीनचं नाव निघालं की डॉ. कोटणीसांशिवाय गप्पा पुढे सरकत नाहीत. आमचे काका म्हणाले, ‘ते १९३८ साली बोटीनं गेले, त्यांना कुणी शिक्के मागितले नव्हते.’ आता काकांना काय सांगणार!

कराराचं तर मला काहीच कळलं नसतं. एका पानावर इंग्रजी, समोर चिनी, आणि मतभेद झाल्यास चिनी मजकूर ग्राह्य, ही ओळ तळाशी बारीक अक्षरांत. तुम्ही चिनी बाजू वाचलीत. घरभाड्याचा भत्ता इंग्रजीत होता, चिनीत नव्हता. शाळेनं तो मुकाट्यानं घातला, कदाचित खरंच राहून गेलं असेल. नोकरी सोडताना शाळेनं कार्यमुक्तीचं पत्र द्यायचं आणि परवाना रद्द करून द्यायचा, हे कलमही तुम्ही घालून घेतलंत. त्या पत्राशिवाय दुसऱ्या शाळेत जाणं किती अवघड होतं, ते इथे आल्यावर एका सहकाऱ्याचे हाल पाहून समजलं.

पुढचं सगळं सुरळीत झालं. शाळेनं परवान्याचं सूचनापत्र पाठवलं, त्यावर झेड, म्हणजे नोकरीचा, व्हिसा मिळाला, उतरल्यावर चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद, महिन्याच्या आत निवासाचा परवाना. तुम्ही लिहून दिलेल्या क्रमानंच.

मी सोलापुरात असताना तुमचं घड्याळ आमच्यापेक्षा अडीच तास पुढे. माझे प्रश्न आमच्याकडची जेवणं आटोपल्यावर निघायचे, म्हणजे तुमच्याकडे मध्यरात्र व्हायची. सकाळी पहिला तास असूनही तुम्ही उत्तर लिहायचात. एजंटनं माहितीपत्रकाचेही पैसे मागितले होते, तुम्ही एकदाही काही मागितलं नाहीत. चितळ्यांची बाकरवडी पाठवते म्हटलं तर ‘कस्टमला खाऊ घालू नका’ म्हणालात. पण माझ्या मनात सगळ्यात जास्त राहिलं ते पहिल्या ईमेलमधलं ‘येऊ नका’. तोपर्यंत भेटलेला प्रत्येक जण मला ‘या’ म्हणत होता.

एक काम आहे. लातूरच्या एका भौतिकशास्त्राच्या शिक्षिकेचे कागद सध्या माझ्याकडे आहेत. तुमच्या तक्त्याप्रमाणे नावं जुळवून झाली, अनुभवपत्र मात्र मनमिळाऊ छापाचंच आहे, ते बदलायला सांगितलंय. तिचा करार आला की चिनी बाजू वाचून द्याल का? माझं चिनी अजून भाजी बाजारापुरतंच आहे.

आपली,
गणिताची एक शिक्षिका
मूळ सोलापूर, सध्या जिआंग्सू, चीन