आजाराला नाव मिळेपर्यंत आम्ही कुठे जायचं?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सादर नमस्कार.

मी कराड तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. फळ्याकडे मान वळवली की डोळ्यांपुढे अंधारी येते. रात्री उजव्या कानात नाडीच्या ठोक्यागणिक सूं-सूं आवाज चालू असतो; गळ्यावर त्या बाजूला बोटानं हलकं दाबलं की थांबतो. आडवं पडलं की डोकं गच्च भरतं, म्हणून वर्षभर मी भिंतीला उशा लावून बसूनच झोपते.

मेंदूतलं रक्त खाली आणणारी गळ्यातली मोठी शीर, जुग्युलर व्हेन, माझ्या उजव्या बाजूला दबली आहे. कवटीच्या तळाशी सुईसारखं एक हाड असतं, स्टायलॉइड. एरवी ते अडीच-तीन सेंटिमीटरचं असतं, माझं चारच्या वर आहे. ते हाड आणि मानेचा पहिला मणका यांच्या मध्ये शीर चेपते. बसल्यावर रक्त मणक्याभोवतीच्या शिरांतूनही उतरतं, पण झोपल्यावर बहुतेक भार गळ्यातल्या शिरांवरच येतो.

एवढं कळायला मला चौदा महिने लागले. कानाचे डॉक्टर, डोळ्यांचे डॉक्टर, मेंदूचा एमआरआय 'नॉर्मल', मग झोपेच्या गोळ्या आणि "मॅडम, टेन्शन घेऊ नका". शेवटी एका रेडिओलॉजिस्टनी माझा जुनाच सीटी पुन्हा उघडला आणि ते हाड मोजलं. साहेब, ती फिल्म पहिल्या महिन्यापासून माझ्या पिशवीत होती! तपासणीच्या चिठ्ठीवर फक्त 'डोकेदुखी' लिहिलेलं, त्यामुळे तिथे कुणी पाहिलंच नव्हतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं संरक्षण आहे, हा मोठा आधार आहे. पण तो मिळतो आजाराचं नाव ठरल्यावर, भरती झाल्यावर. माझ्या पाटल्या गहाण पडल्या त्या त्याआधीच्या ओपीडीच्या फेऱ्यांत.

शीर दबलेली दिसली की लगेच ऑपरेशन करा, असं माझं म्हणणं मुळीच नाही. काहीही त्रास नसलेल्या माणसांच्या स्कॅनमध्येही ही शीर चपटी दिसते. म्हणूनच बारीक नळी घालून, मान सरळ ठेवून आणि वळवून, अडथळ्याच्या वर आणि खाली शिरेतला दाब मोजावा लागतो. हाडाचा दाब तसाच ठेवून नुसता स्टेंट, म्हणजे शीर उघडी ठेवणारी जाळीची नळी, घातला, तर तोही चेपू शकतो. हाड काढायचं, स्टेंट घालायचा की काहीच करायचं नाही, हे कान-नाक-घसा, मेंदूविकार आणि रेडिओलॉजी या तिन्ही विभागांनी एकत्र बसूनच ठरवायला हवं. आज त्यांच्यामध्ये कागद पोचवते ती पेशंट.

माझी मागणी इतकीच: मुंबई, पुणे, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत महिन्यातून दोन दिवस या तिघांची एकत्र ओपीडी ठेवा. अशी लक्षणं असलेल्यांच्या मानेच्या सीटी अहवालात स्टायलॉइडची लांबी लिहायला सांगा. आणि निदानासाठीच्या व्हेनोग्रामचा, म्हणजे शिरेत नळी घालून करायच्या तपासणीचा, खर्च भरतीआधीही योजनेत घ्या.

माझी दाब मोजायची तपासणी अजून व्हायची आहे. पुण्याला जायला एसटीत पाच तास बसून जाता येतं. तिथे गेल्यावर कुठल्या खिडकीपाशी उभं राहायचं, तेवढं सांगा.

आपली नम्र,
एक शिक्षिका, कराड तालुका