रविवारी एकटी राहू नकोस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर "ठरलं, रविवारी चार वाजता" एवढंच म्हणालीस आणि आईला द्या म्हणालीस. तेव्हा मला काही सुचलं नाही, आता सगळं सुचतंय, म्हणून लिहायला बसलो. आपल्या आजारी मांजराला, गोट्याला, इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचा निर्णय बरोबर की चूक यावर मी काही बोलणार नाही. त्याचं तुझ्याइतकं कोणी केलेलं नाही, तेव्हा ठरवायचं तूच. एवढंच विचारायचं होतं की डॉक्टर चारला येतील, पाच-साडेपाचला जातील, आणि मग? तुझ्याजवळ कोण असेल?

आईला म्हणालीस, "बघते गं मी." ते मला ऐकू आलं. बरं, राहू दे.

लिहायचं होतं ते वेगळंच. आपल्या राणीला असंच झोपवलं तेव्हा मी तिथे होतो, तू नव्हतीस. परीक्षा संपेपर्यंत तुला कळवलं नाही म्हणून तू आईशी कितीतरी दिवस धड बोलत नव्हतीस. न कळवलं तेच ठीक झालं असं मला अजूनही वाटतं, पण तो विषय आता नको. तेव्हा मी जे पाहिलं ते तुला आधी माहीत असावं, म्हणजे ऐनवेळी दचकणार नाहीस.

डॉक्टर आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, कातडीखाली नाहीतर मांडीत. ते चुरचुरतं, गोट्या एकदा फिस्कारेलसुद्धा. पाच ते पंधरा मिनिटांत तो गाढ झोपेल. काय बोलायचं, कुरवाळायचं ते तेवढ्या वेळात. घाई करू नका असं डॉक्टरांना आधीच सांगून ठेव, त्यांना त्याचं काही वाटत नाही. मग पायावरचे केस छोट्या मशीनने काढतात. राणीच्या वेळी मला सगळ्यात जास्त तो आवाजच लागला. गोट्याची शीर पटकन मिळणार नाही कदाचित. किडनी गेलेल्या, अंगातलं पाणी आटलेल्या मांजराची मिळत नाही, मग मागच्या पायात बघतात. त्याला त्यातलं काही कळत नसतं. शेवटचं औषध बहुतेक पेंटोबार्बिटल असतं. मुळात ते भुलीचंच औषध, फक्त मात्रा फार मोठी. आधी शुद्ध पूर्ण हरपते, मग श्वास थांबतो, मग हृदय. एक-दोन मिनिटांचा खेळ असतो.

डोळे मिटत नाहीत. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी राणीच्या पापण्या खाली ओढत राहिलो आणि त्या परत वर जात राहिल्या. हृदय थांबल्यावरही एखादा मोठा श्वास घेतल्यासारखं होतं, कातडी थरथरते, लघवी होते. खाली प्लास्टिक आणि त्यावर जाड टॉवेल घाल. तुला वाटेल, जिवंत आहे तो! नसतो. ते नुसते स्नायू असतात. डॉक्टर नळी लावून नीट ऐकतील आणि सांगतील, तोवर तू काही ठरवू नकोस. त्या मिनिटाला आईने माझं मनगट धरलं होतं, नखं रुतेपर्यंत. तुझं कोण धरणार आहे, सांग बघू. शेजारच्या मावशी चालतील, ऑफिसातलं कोणी चालेल, फार बोलणारं नसलं म्हणजे झालं.

घरीच करायचं ठरवलंस ते मात्र फार चांगलं केलंस. पिंजरा काढला की गोट्या कपाटामागे जाऊन बसतो. शेवटचा तास त्याने त्या पिंजऱ्यात ओरडत घालवायचा, हे काही खरं नव्हतं. नानांच्या वेळी आपल्याला काचेबाहेर उभं केलं होतं, आठवतंय ना? असो.

तू म्हणतेस, तो अजून घुरघुरतो. मनू, मांजर सुखात घुरघुरतं तसंच दुखण्यातही घुरघुरतं. मी हे तुझं मन वळवायला लिहीत नाही, तुझं ठरलेलंच आहे. पण रविवारी दुपारी तो मांडीवर येऊन घुरघुरायला लागेल आणि तू डॉक्टरांना फोन करून नका येऊ म्हणशील, एवढी मी तुला ओळखतो.

आईने वहीत गुण मांडले होते. अ‍ॅलिस व्हिलालोबोस नावाच्या अमेरिकेतल्या प्राण्यांच्या डॉक्टर आहेत, त्यांनी 2004 साली एक तक्ता काढला. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना दहा-दहा गुण. पस्तीसच्या वर असेल तर ठीक चाललंय म्हणायचं. म्हणजे इथेही पस्तीसला पास! आईने तुझ्याकडून फोनवर एकेक विचारून घेतलं आणि बेरीज मला दाखवली नाही, वही मिटून आत गेली. सातवा प्रश्न मला पटतो. बाकीच्यांत माणूस आपल्याला हवे तसे गुण देतो.

आणि "आधी लक्षात यायला हवं होतं" हे डोक्यातून काढ. किडनीचं जवळजवळ 75 टक्के काम बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, वाढलेलं दिसत नाही, आणि मांजर दुखणं लपवतं. तू काय त्याच्या पोटात शिरून बघणार होतीस?

मागच्या वेळी आलो होतो तेव्हा तुला सलाइन लावताना पाहिलं. दोन खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलून सुई अशी घातलीस की त्याने कानसुद्धा हलवला नाही. मग तो पाण्याचा फुगा हळूहळू घरंगळत पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत उतरला. एका हाताने तू तो चोळत होतीस आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर साहेबांशी बोलत होतीस. आणि तेही आवाज न चढवता. लसीच्या रांगेतून पळून बाथरूममध्ये कडी लावून बसलेली पोर ही! घरी आल्यावर मी आईला दोनदा सांगितलं. तुला सांगायचं राहिलं.

नंतरचं थोडं. काही तासांत अंग ताठ होतं, म्हणून लगेच त्याला नेहमीच्या झोपेसारखा गोल करून पांघरुणात ठेव. पुरायचं असेल तर खड्डा चांगला खोल हवा. ते औषध शरीरात राहतं, कोणी उकरून खाल्लं तर त्या जनावराच्या जिवावर बेतेल. दहन होत असेल तर ते बरं. कोण घेऊन जाणार, कधी, हे आदल्या दिवशीच ठरवून ठेव. पैसेसुद्धा आधीच देऊन टाक, नंतर हात थरथरतात. ठकीला दुसऱ्या खोलीत कोंडू नकोस. तो गेल्यावर तिला वास घेऊ दे, नाहीतर ती दारोदार शोधत फिरेल. औषधाच्या बाटल्या, सुया लगेच आवरू नकोस, पण सुया उघड्या ठेवू नकोस, आणि रात्री काहीतरी खा, आणि सोमवारी रजा घे, घेतली आहेस ना? बघ, यादीच करायला लागलो. रागावू नकोस. माझ्या हातात दुसरं काही नाही म्हणून सूचना करतो.

राणी गेली त्या रात्री मी दाराची कडी लावायला उठलो आणि ती आत आली का म्हणून बघितलं. असं होतं. तेव्हा आई आत झोपलेली होती, एवढाच काय तो आधार. तुझ्या घरात रात्री आठनंतर एक माणूस नसतं.

तर मी दादाला फोन केला आहे. तू नको म्हणाली होतीस, माहीत आहे. मी त्याला फक्त वेळ सांगितली आणि तो म्हणाला, "तिकीट काढतो." शनिवारी रात्री पोचेल, सोमवारपर्यंत राहील. तुमचं जे काही चालू आहे ते त्यानंतर खुशाल चालू ठेवा. तो घोरतो, तेव्हा त्याला बाहेरच्या खोलीत गादी घाल, आणि किल्ली शेजारी देऊन ठेव, गाडी बहुतेक उशिरा येते.

तुझा
बाबा

ता. क. आईला बोलायचं आहे, पण रविवारी सहानंतरच फोन करेन म्हणते. उचल.